मगदूम ताईंची वर्गणी

मिरजेत धनपालशेठांचं टीव्ही-स्पीकरचं दुकान होतं, आणि गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्षही तेच. वर्गणी द्यायला कुणी का-कू केलं की शेठ दरडावून विचारत, "मंडळाचा आवाज तुमच्या कानावर पडतो ना? मग काढा वर्गणी!" यापुढे कुणाची मात्रा चालत नसे.

त्याच गल्लीतल्या कुंदाताई मगदूम एक दिवस दुकानात आल्या. खोली दहा बाय दहाची, पैसे बेताचे, पण घरबसल्या सिनेमा बघायची हौस दांडगी. म्हणाल्या, "शेठ, खोलीला झेपतील असे दोन छोटे स्पीकर दाखवा."

शेठना ते कुठलं रुचायला! त्यांनी कपाटाएवढा सेट सुरू केला. दुकानाचं शटर थरथरलं, गिऱ्हाइकं दचकली.

"छोटं काय नेता, ताई? हा न्या! तुम्ही बटण दाबलंत की चार घरं सोडून माझ्या माजघरात ऐकू येईल!"

"नक्की?"

"अहो, पैज लावा!"

कुंदाताईंनी पर्समधले सगळे पैसे काउंटरवर ठेवले आणि शेठपुढे हात पसरला. "ही झाली माझी. आता तुमची वर्गणी काढा."

"माझी? ती कसली?"

"आवाज तुमच्याही कानावर पडणार ना?"

दुकानात हशा पिकला. शेठना स्वतःलाच हसू आवरेना. त्यांनी माळ्यावरची छोटी जोडी उतरवली आणि फुंकर मारून धूळ उडवत म्हणाले, "ताई, ही न्या. हिचा आवाज तुमच्या उंबऱ्याबाहेर पडला, तर नाव बदलीन!"