तिसरे दार हिंदोळ्याचे

एका राज्यात एक रीत होती. महिन्यातून एकदा, कोणताही दिवस धरून, हणगोजी दवंडीवाला खोटी दवंडी पिटायचा. आग लागली म्हणाला, की कुंभारापासून कोतवालापर्यंत सारे हातातले काम टाकून घागरी घेऊन विहिरीकडे धावत. पूर आला म्हणाला, की पोकळ भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून टेकडी गाठत. आग नसे, पूर नसे. पण पाय वाट शिकत. सणाच्या दिवशी मात्र डफ खोळीत घालून खुंटीला टांगायचा, असा पूर्वजांचा नियम होता. खेळात विघ्न नको.

हिंदोळ्याच्या सणाला राजवाड्यापुढच्या वडांना झोके बांधले. राजा मेघवर्मा स्वतः झोक्यावर बसला. त्याच दुपारी जादूगार कंटकेतू काळ्या वाफेचे रूप घेऊन वेशीतून आत शिरला. वेशीच्या कमानीखाली उभ्या हणगोजीने त्याला पाहिले. ओरडावे म्हणून त्याने हात उंचावला. पण आज सण, लोक हसतील, असे मनात आले आणि हात खाली गेला. पापणी लवते तोवर राजा, प्रजा, सारे शिळा झाले. हणगोजीची बायको सुंद्रा झोक्यावरच दगड झाली, हसता हसता. वाफ कमान ओलांडून पुढे गेली होती, म्हणून कमानीखालचा तो एकटा वाचला.

तेव्हा कमानीवरची टिटवी बोलली, "कंटकेतूच्या गडाला तीन दारे आहेत. तिसऱ्या दारी जो फसत नाही, त्याच्यापुढे शाप टिकत नाही. पुष्कळ शूर गेले. परतला कोणी नाही."

"मी शूर नाही," हणगोजी म्हणाला.

"मीही नाही. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते, तर जग मला हसते. जा तू."

हणगोजीने कमरेला सांगड बांधली, ओढ्यात घोंगडी भिजवली आणि गड चढला.

पहिल्या दारापलीकडे आग होती. शूरांच्या तलवारी तिथे वितळून पडल्या होत्या. हणगोजी भिजली घोंगडी पांघरून जमिनीसरसा झाला, कारण धूर वर चढतो, आणि सरपटत पार गेला. दुसऱ्या दारापलीकडे पूर होता. पाणी गळ्याशी आल्यावर गाठ मारायला हात मोकळे नसतात. त्याची गाठ घरूनच मारलेली होती. तो तरंगत पार गेला.

तिसऱ्या दारी ना आग, ना पाणी. तिथे बाग होती, झाडाला झोका होता आणि झोक्यावर सुंद्रा होती. जिवंत. कंटकेतू जवळच नम्रपणे उभा होता.

"जिंकलास. हिचा शाप उतरवून हिला इथे आणले आहे. काम संपले. आता तिला झोका दे," तो म्हणाला.

हणगोजीचे डोळे भरून आले. त्याने झोका दिला. सुंद्रा म्हणाली, डफ खुंटीला टांगला की तुमचे हात कसे मोकळे दिसतात. तो हसला. आणखी एक झोका दिला, मग आणखी एक. आता कसली काळजी, आज तर सण, असे त्याच्या मनात आले. आणि त्याचे हात थांबले. वेशीतही त्याच्या मनात हेच आले होते.

त्याने वर पाहिले. दोराचा एकच पीळ उरला होता. खाली पाहिले. झोका जिथवर जात होता, तिथे जमीन नव्हती.

"सुंद्रा, हात दे."

"आत्ता कुठे रंग चढतोय. सणासुदीला तरी वर-खाली बघू नका."

"रंग राहू दे. हात दे."

ती पुटपुटली, पण झोका मागे येताच तिने हात दिला. त्याने तिला ओढून घेतले आणि दोर तुटला. पाट दरीत गेला. तो तळाला आपटल्याचा आवाज आलाच नाही. कंटकेतूची राख झाली. खाली नगरात राजाचा अर्ध्यात अडकलेला झोका पुढे गेला आणि माणसे हलू लागली.

हणगोजीने राजापुढे जाऊन सारे सांगितले, उंचावून खाली घेतलेल्या हातासकट, आणि शिक्षा मागितली.

राजा म्हणाला, "हात तुझा, पण नियम आमचा. आधी नियम बदलू."

पुढच्या हिंदोळ्याला, खेळ ऐन रंगात असताना, दवंडी झाली. लोक कुरकुरत, हसत धावले आणि हसतच परतले. सुंद्राने झोक्याचा दोर दोन्ही हातांनी ओढून पाहिला, वरची गाठ पाहिली, मग पाटावर बसली.

"आता द्या," ती म्हणाली. "जोरात."

त्या वर्षी झोके वडाच्या शेंड्याला लागले.