राजाच्या गळ्यातली शपथ

एका राज्यात पांढऱ्या दाढ्या पुष्कळ होत्या आणि विचार करणारं डोकं एकही नव्हतं. तिथला राजा दृढसेन. त्याला नदीच्या डोहात सोन्याचे हंडे सापडले. हंड्यांवर काळदंत मांत्रिक बसला होता.

तो म्हणाला, "सोनं ने. पण शपथ घे, की पूर येईल तेव्हा तेव्हा एक लेक डोहाला देईन. मोडलीस तर नदी आटेल."

राजाला तेव्हा मूल नव्हतं. शपथ घ्यायला त्याचं काय जात होतं? घेतली. शपथेचा काळा खडा झाला आणि त्याच्या गळ्यात जाऊन बसला.

पुढे दोन लेकी झाल्या, राणी वारली, पूर आला. थोरली मंजुळा डोहात गेली. दरबारातल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, हात धुतले आणि सोन्याच्या ताटांत जेवले. काही वर्षं गेली. पाणी पुन्हा चढू लागलं. आता धाकटी केतकी उरली होती.

"शब्द म्हणजे शब्द," प्रधान धर्मधर म्हणाला. "तो मोडायची वाट कुठल्याच शास्त्रात नाही."

"किती शास्त्रं वाचलीत, काका?" केतकीने विचारलं.

प्रधान खोकला.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "उत्तर नसलं की हा खोकतो. समुद्रकाठी तीन गावं आहेत. यहुद्यांचं, ख्रिस्त्यांचं, मुसलमानांचं. शपथेवर त्यांनी डोकं झिजवलंय. चल."

केतकी खिडकीतून उतरली आणि निघाली.

यहुद्यांचे धर्मगुरू रब्बी एलियाझर माडाखाली शिष्याशी भांडत होते. तिचं ऐकून घेतलं आणि वर तिलाच दहा प्रश्न विचारले. मग म्हणाले, "आमच्यात शपथ घेणारा तीन जाणत्यांपुढे बसतो. आम्ही त्याला खोदून विचारतो, हे डोळ्यांपुढे असतं तर शपथ घेतली असतीस का? मनापासून नाही म्हणाला, तर गाठ सुटते. पण म्हणायचं त्यानेच."

"आणि माझ्या ताईचं काय?"

रब्बी म्हणाले, "माणसाचा अपराध त्याच माणसाने माफ करायचा. मेलेली कशी करणार? तिथे माझ्याकडे वाट नाही, पोरी."

पाद्री जोवांव घंटेची दोरी वळत होते. म्हणाले, "पापाची शपथ देव स्वीकारतच नाही. ती पाळणं हे दुसरं पाप. बापाने गुडघे टेकावेत आणि पापाचं नाव घेऊन कबूल करावं."

"आणि ताईचं?"

"पश्चात्ताप खरा असेल, तर देव तेही माफ करील."

"स्वस्तात सुटला!" साळुंकी म्हणाली.

"गुडघे टेकून बघ, मग किंमत सांग."

काझी बद्रुद्दीन विहिरीवर हातपाय धूत होते. म्हणाले, "वाईटाची शपथ पाळायची नाही. मोडायची, आणि भरपाई म्हणून दहा भुकेल्यांना जेवू घालायचं. आपल्या घरी शिजतं तेच, उष्टं नाही."

"आणि ताईचं?"

"खुनाचा बदला मागायचा हक्क वारसाचा. आई नाही म्हणतेस, म्हणजे वारस तू. मागायचं की सोडायचं, तुझ्या हातात. सोडलंस तर तुला थोर म्हणेन. बळजबरी मात्र कुणी करायची नाही."

केतकी परतली तेव्हा पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं होतं. म्हातारे हार घेऊन तयारच होते. तिने हार बाजूला सारला.

"आबासाहेब, एकच विचारते. शपथ घेताना ताईचा चेहरा समोर असता, तर घेतली असतीत?"

"महाराज, बोलू नका!" धर्मधर ओरडला. "नदी आटेल!"

"आटली तर विहिरी खणू. तुमचे हात रिकामेच आहेत, काका."

राजाने डोहाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नसती घेतली."

गळ्यात खडा तडकला.

तो चिखलात गुडघ्यांवर बसला. "सोन्यासाठी मी माझी लेक मारली," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. खडा जिभेवर आला. मग त्याने स्वतःच्या मुदपाकखान्यातला भात आणवला आणि वेशीवरच्या दहा भुकेल्यांना आपल्या हाताने वाढला. शेवटच्याने घास घेतला आणि खडा राजाच्या तोंडातून खाली पडला.

काळदंत किंचाळत डोहातून वर आला आणि फेसासारखा विरला. हंड्यांतलं सोनं गाळ झालं. म्हाताऱ्यांची ताटंही गाळ झाली, जेवणासकट.

नदी आटली नाही. पूर ओसरला आणि पाणी संथ वाहू लागलं.

लोकांनी जयजयकार केला. केतकीने केला नाही.

"म्हणजे ताईच्या वेळीही आटली नसती," ती म्हणाली. "तुमच्यातल्या एकाने तरी कुणाला जाऊन विचारायचं होतं."

एकही पांढरी दाढी वर झाली नाही. धर्मधर खोकलासुद्धा नाही.

राजाने विचारलं, "मला माफ केलंस?"

"देवाचं देव बघेल. ताईचं ताईलाच विचारा. माझ्या हातात आहे तेवढं सांगते. तुमचा जीव सोडला. सिंहासन सोडणार नाही."

केतकी राणी झाली. दुसऱ्याच्या जिवावर शपथ घ्यायची नाही, हा तिचा पहिला कायदा. प्रधान गाळ उपसायला लागला. राज्य सुखी झालं, म्हणजे होता येईल तेवढं.

म्हातारा राजा रोज डोहाशी जाऊन बसतो. वाकून हाक मारतो, "मंजुळा?"

त्या राज्यात साळुंक्या बोलतात. पाणी बोलत नाही.