स्वयंपाकघरातला बंद पॉइंट

"मग एकट्यानं कामं कधी घ्यायची मी?" हणमंतानं विचारलं.

अजीज उस्ताद जिना चढत होते. थांबले नाहीत.

सोलापुरात घरोघरी विजेची कामं करण्यात उस्तादांची हयात गेली होती. हणमंत काही वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्याचा हात चांगला होता. ते त्यालाही माहीत होतं.

"आजचा पॉइंट तूच बघ," उस्ताद म्हणाले.

शिवगंगाबाईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावरचा पॉइंट बंद पडला होता. मिक्सर लावला तरी हूं नाही की चूं नाही. बाकी घरात वीज होती.

हणमंतानं पॉइंटच्या भोकांत टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी घातल्या. दिवा लागला नाही. मग त्यानं स्क्रू काढून प्लेट बाजूला केली. आत जळमटं होती, पीठ साठलं होतं.

"मेलाय हा. करंट नाही यात."

"नक्की?"

"दिवा लागला नाही, उस्ताद. अजून काय पाहिजे?"



बाजूला उभ्या शिवगंगाबाईंनी ते ऐकलं. "करंट नाही ना, मग पुसून घेते. काय घाण साठलीय आत." त्यांनी ओलं फडकं उचललं आणि हात पुढं केला.

उस्तादांनी मध्ये आपला हात आडवा घातला.

"हणमंता, पुसू देऊ का ताईंना?"

हणमंत 'हो' म्हणायला गेला...

त्याची नजर त्या ओल्या फडक्यावर गेली.

"सांग. तुझ्या बोलण्यावर हात घालतायत त्या."

फडक्यातलं पाणी ओट्यावर ठिबकत होतं.

"थांबा, काकू," तो हळूच म्हणाला.

त्यानं खिशातून टेस्टर काढला, टोक आतल्या एका वायरीला टेकवलं. टेस्टरमधला बारीक दिवा लाल पेटला.

करंट येत होता. परतीची वायर तेवढी कुठंतरी सुटली होती, म्हणून लॅम्प लागला नव्हता.

हणमंतानं आधी मेन स्विच बंद केला. मग शेजारच्या बोर्डात सुटलेली वायर शोधून घट्ट आवळली. प्लेट बसवून मेन चालू केला, तसा मिक्सर फिरला. शिवगंगाबाईंनी दोघांना चहा दिला.

रस्त्यावर आल्यावर हणमंतानं विचारलं,

"उस्ताद... त्यात करंट आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं," उस्ताद म्हणाले. "म्हणून तर हात आडवा घातला."