रांजणाखालचं माहेर

“मूळच धरलं नाही गं. ना त्याने, ना हिने.”

फार फार वर्षांपूर्वी एका सासूने शेजारणीच्या कानात हे सांगितलं. दाराआड सून ताक घुसळत होती. रवीचा आवाज थांबला, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

त्या गावची रीत अशी, की नव्या नवरीने माहेराहून एक रोप आणून सासरी लावायचं. रोप रुजलं की नवरी रुजली. रोप मेलं, तर माहेरी जाऊन दुसरं आणायचं. एरवी वर्षभर माहेर नाही. कुणी जाई आणे, कुणी कढीपत्ता. ही सून डोंगरातली. तिने झऱ्याकाठच्या दगडावरचं शेवाळ आणलं, पळसाच्या पानात गुंडाळून.

“अगं, हे तर आम्ही पायरीवरून खरवडून टाकतो,” सासू म्हणाली होती. तरी मन मोडायला नको म्हणून तिने पाझरत्या रांजणाखालच्या दगडावर, सावलीत, त्याला जागा दिली.

उन्हाळा चढला. विहीर तळाला गेली, रांजण कोरडा पडला. शेवाळ तपकिरी झालं, हात लावला तर चुरचुरू लागलं.

“उद्या दगड घासून घेते,” सासू शेजारणीला म्हणाली, “आणि हिला धाडते, खरंखुरं रोप आणायला.”

सुनेच्या कानात झरा वाजू लागला. आईची नाचणीची भाकरी, तव्यावरून थेट हातात. त्यासाठी नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते तर तिला छान जमे.

संध्याकाळी ती शेवाळाचा निरोप घ्यायला गेली.

“निघालीस?” शेवाळाने विचारलं.

“तू जिवंत आहेस?”

“सुकलंय नुसतं. आमच्यात सुकणं वेगळं आणि मरणं वेगळं.”

“पण तू मूळ धरलं नाहीस म्हणतात.”

“मला मूळ नसतंच, बाई. चार बारीक धागे, दगड धरण्यापुरते. पाणी मी पानांनी पिते. ओल टिकली तर केसासारख्या देठांवर इवल्या कुप्या धरीन. त्यांची टोपणं उघडली की आतली धूळ वाऱ्यावर जाते. जिथे सावली आणि ओल, तिथे पुन्हा मी.”

“झरा आठवतो?”

“रोज. म्हणून तर तग धरून थांबलंय.”

सकाळी सासू काथ्या घेऊन आली. सून गप्प उभी राहिली. काथ्या दगडाला टेकला, तशी “थांबा” म्हणत ती आत गेली आणि आपल्या वाटणीचं पिण्याचं पाणी आणून तिने शेवाळावर ओतलं. बघता बघता मिटलेली पानं उलगडली. तपकिरीतून हिरवा वर आला.

“अगं बाई, जिवंत होतं की,” कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली.

“मग झालं,” सासू म्हणाली. “आता माहेरी जायला निमित्त उरलं नाही तुला.”

त्यावर सून जे बोलली, त्याने सासूच्या हातातला काथ्या खाली आला. त्याच आठवड्यात बैलगाडी जुंपली गेली. पुढे शेवाळ विहिरीच्या काठापर्यंत पसरलं, आणि सुनेला माहेरी धाडण्यासाठी रोप मरायची वाट बघणं गावाने सोडलं.

बोध एवढाच: मागची ओढ असणं म्हणजे इथे न रुजणं नव्हे.

सून त्या सकाळी बोलली ते इतकंच: “आत्याबाई, मला माहेरी जायचंय. त्यासाठी कुणी मरायला कशाला हवं?”