नाकारलेला विडा

एका राज्यात एक रीत होती. माणसाचं जे काही ठरायचं ते चारचौघांत ठरे आणि विडा होऊन तबकातून त्याच्यापुढे येई. घेतला तर जयजयकार, नाकारला तर माणूस जागच्या जागी दगड. एका मांत्रिकाचा शाप होता तो. पण लोक त्याला परंपरा म्हणत आणि गुण्यागोविंदानं विडे चघळत.

राजपुत्र मलयकेतूला नावाड्यांबरोबर समुद्रावर जायचं होतं. पुढे आला राज्याचा विडा. त्यानं तबक सारलं आणि भर दरबारात तो दगड झाला. लोक हळहळले, मग "पोराचंच चुकलं" म्हणत जेवायला गेले. रडली ती एकटी त्याची बहीण कनकावती.

एका भारद्वाज पक्ष्यानं तिला मांत्रिकाच्या गुहेची वाट सांगितली. मजल दरमजल करत ती पोचली.

मांत्रिक म्हणाला, "तीन विडे देईन. तिन्ही नाकार, शाप उतरेल."

"आणि मधेच हरले तर?"

"तर भावाला सोबत होईल."

पहिल्या विड्यात दौलत होती. ती हसून नको म्हणाली, तिची पावलं दगडाची झाली. दुसऱ्यात आईचा आवाज होता, "बाळे, माझ्यासाठी घे." ती रडत नको म्हणाली, कंबरेपर्यंत दगड चढला. तिसऱ्यात साऱ्या नगराचा आवाज होता, "आमची कनकावती गुणाची." तिथं ती फार वेळ अडली. अखेर नको म्हणाली. दगड गळून पडला.

मांत्रिक म्हणाला, "शाप संपला. यापुढे ज्याचं त्यानं ठरवावं. जमेल त्यांना?"

उत्तर द्यायला ती थांबली नाही.

दरबारात मलयकेतू डोळे चोळत उभा होता. प्रधानानं पुन्हा विडा पुढे केला. "युवराज, आता सक्ती नाही. आपली मर्जी."

राजाचे डोळे भरले. राणीनं पदर तोंडाला लावला. सारा दरबार त्याच्याकडे बघत राहिला. कनकावतीनं मान हलवून 'नको' खुणावलं, पण तो तिच्याकडे बघेना. त्यानं विडा उचलला.

चौघडा झडला. बायकांनी ओवाळणीचं तबक कनकावतीच्या हाती दिलं. "बहिणीचा मान आहे, ताईसाहेब." नकार तिच्या अगदी जिभेवर होता. सगळे किती कौतुकानं पाहत होते. तिनं ओवाळलं.

शाप उतरला, घडी नीट बसली, राज्य सुखी झालं असं सगळे म्हणतात. आपणही तसंच म्हणावं.