लाल गाडीनं टायर पाहिले

फार जुनी गोष्ट नाही. एक लाल स्पोर्ट्स कार रोज घाट ओलांडून कामाला जायची. टायर इतके झिजले, की ओल्या वळणावर ती दरीकडे सरकू लागली. म्हणून ती परवडणारे टायर पाहायला दुकानात गेली.

चकचकीत टायर म्हणाला, “बाईसाहेब, मी वाऱ्यालाही मागे टाकतो.”

“अंगावर जन्मसाल छापलेलं असतं, ते दाखवा,” गाडी म्हणाली.

तो भिंतीकडे वळला. “वय काय विचारता, रूप बघा ना.” रूपाला पॉलिशचा वास येत होता.

शेजारचा मळकट टायर म्हणाला, “मी यंदाचाच. फार पळवू नका, पण ओल्यात घसरू देणार नाही.”

“पाहायला आल्यावर सगळे असंच बोलतात,” म्हणत तिनं त्याला तीन भावांसकट घेतलं.

पहिल्याच ओल्या वळणावर तिनं मुद्दाम करकचून ब्रेक लावला. टायर रस्ता धरून राहिले.

पुढच्या वळणावर तिनं पुन्हा लावून पाहिला.