एक माप काकवी

"चूक माझी कशी, अप्पाजी? ते आधी सांगा."

मठातला तरुण शिष्य बसलिंग दारातच उभा. काखेत गाठोडं, आवाज चढलेला. मठाचे म्हातारे स्वामी, अप्पाजी, ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस की."

"बसायला नाही आलो. मठ सोडून निघालोय."

संताप उगाच नव्हता. मठात सोमवारी दासोह असतो. कुणीही यावं, पोटभर जेवावं. श्रावणातल्या दासोहाला खपली गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, आणि यंदा ती रांधायचा मान बसलिंगला मिळाला होता. जुना आचारी जन्मभर मापानं काकवी ओतत आला. बसलिंगला तो गबाळा कारभार पटेना. त्यानं माप बाजूला टाकलं आणि तराजू काढला. माप लिटरचं, तेव्हा मापामागे एक किलो काकवी. इतका सरळ हिशेब आजवर कुणाला कसा सुचला नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

हुग्गी अगोड झाली. आणि भर पंगतीत म्हातारी गंगव्वा बसलिंगला म्हणाली, "स्वामी, काकवी हुग्गीला नुसती दाखवून परत नेली व्हय?"

अख्खी पंगत खिदळली. पहाटेपासून चुलीपुढं घाम गाळायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं. बसलिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरली नव्हती.

"येत्या पंगतीत तुम्ही सगळ्यांदेखत सांगायचं, बसलिंगचं काही चुकलं नाही. सांगणार असाल तर राहतो."

अप्पाजींनी शेंगा बाजूला सारल्या.

"तराजू आण. दोन सारखी मापंही आण."

बसलिंगनं ती आणून आदळली. अप्पाजींच्या सांगण्यावरून एका मापात पाणी भरलं, दुसऱ्यात काकवी, आणि दोन्ही दोन पारड्यांत ठेवली.

काकवीचं पारडं धाडकन खाली बसलं.

पाण्याच्या बाजूला त्यानं वजनं टाकली. शंभर ग्रॅम, दोनशे... चारशेच्या आसपास गेल्यावर कुठं दांडी सरळ झाली. बसलिंगचे कान तापले.

"बरं. लिटर पाण्याचं किलो, काकवीचं जवळपास दीड. म्हणजे मी मापामागे तेवढी कमी घातली. पण मला आधी कुणी सांगितलं?"

"गंगव्वानं सांगितलं."

"ती सांगत नव्हती. ती अब्रू काढत होती."

बसलिंगचं अजून संपलं नव्हतं.

"तिचं काय जातं बोलायला? आयतं जेवायचं आणि नावं ठेवायची. आम्ही घरदार सोडून इथं राबायचं, आहे नाही ते सगळं द्यायचं, आणि..."

"वजनं काढ. पाणी तुळशीला घाल. काकवी घागरीत ओत."

हे काय भलतंच, असं त्याच्या मनात आलं. तरी त्यानं पाणी ओतलं. मग काकवीचं माप घागरीवर उपडं धरलं. धार बारीक झाली, तुटली. त्यानं मापाच्या बुडावर दोन थापा मारल्या.

"रिकामं झालं?" अप्पाजींनी विचारलं.

"झालं."

"दोन्ही ठेव पारड्यांत."

त्यानं ठेवली.

पाण्याचं माप वर गेलं. काकवीचं खालीच राहिलं.

"आता हे चिकटणारच," बसलिंग फणफणला. "काकवी आहे ती. त्यात माझा काय दोष?"

त्यानं बोट घालून माप खरवडलं. बोट भरलं, हात भरला, धोतराला डाग पडला. मापाच्या कडा होत्या तशाच तांबूस...

अप्पाजी उठले. चुलीवरचं कोमट पाणी त्यांनी घोटभर मापात ओतलं आणि माप हलकेच गोल फिरवलं. पाण्याला रंग आला. कडा लख्ख झाल्या.

त्यांनी ते माप बसलिंगच्या चिकट हातांत दिलं.

"गंगव्वाच्या वाटचं एवढं गोड तुझ्यापाशी राहिलं बघ. तिला देऊन ये, मग जा."